न दाबलेलं बटण

आपा,

तुला जाऊन एकोणीस दिवस झाले. चाळिसावा अजून व्हायचाय, आणि नांदेडच्या आपल्या मुख्य ऑफिसानं तुझ्या नावाचं एक पान कंपनीच्या वेबसाइटवर टाकूनही दिलं. मी ते उघडलं आणि मला शिसारी आली. शोकसभेत माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही तेव्हा लोकांना वाटलं, बसूचं काळीज दगडाचं. खरं सांगू? त्या दिवसापासून मला नुसता राग येतोय.

पान कसं आहे ते सांगतो, म्हणजे तू तिकडंसुद्धा कपाळावर हात मारून घेशील. आधी काहीच नाही. पांढरं. मग एक गोल फिरायला लागतो. मग तुझा फोटो येतो, तोही ओळखपत्रावरचा, ज्यात तू कुणावर तरी चिडलेली दिसतेस, बहुतेक माझ्यावरच. मग वरून गुलाबाच्या पाकळ्या पडायला लागतात. थांबायचं नावच नाही. तुझ्या नाकावरून, हनुवटीवरून, सगळा दिवस पडतच राहतात. खाली एक पणती आहे. तिच्यावर बोट ठेवलं की ती पेटते, आणि आजवर किती जणांनी पेटवली तो आकडा गरगर फिरतो. आणि कोपऱ्यातून, बरोबर तुझ्या खांद्याजवळून, एक चौकोन टुणकन वर येतो: "नमस्कार! मी आपली काय मदत करू शकते?"

तुझ्या मरणाच्या पानावर, आपा. काय मदत करणार आहे ती?

या एकेका चाळ्यामागं बाहेरून उचलून आणलेली एकेक लायब्ररी आहे. दुसऱ्याच कुणीतरी लिहून ठेवलेला, फुकटात मिळणारा तयार कोडचा ढीग. पाकळ्यांसाठी एक, पणतीसाठी एक, आकडा फिरवायला एक. फोटो डावीकडून उजवीकडं सरकवायला एक. फोटो एकच आहे, तो सरकून जाणार कुठं? नव्या मुलींना शिकवताना तू म्हणायचीस, "एक हुक पायजे म्हणून अख्खं बटणाचं दुकान उचलायचं, आन् ते गिऱ्हाइकाच्या डोक्यावर नेऊन ठेवायचं." ढीग आपल्या डोक्यावर येतच नाही. तो उतरतो बघणाऱ्याच्या फोनमध्ये, आणि फोन जुना असला तर तिथंच मान टाकतो.

हे सगळं तू औशाच्या टेलरची मुलगी म्हणून बोलायचीस. अब्बांच्या मशीनखाली चिंध्या वेचत मोठी झालेली तू, पुढं कॉम्प्युटर शिकलीस, लातूरच्या आपल्या ऑफिसात आलीस, आणि तिथंही कात्री सोडली नाहीस. ज्या साहेबांनी तुला पाठीमागं 'कात्री' हे नाव ठेवलं, त्यांनीच त्या पानावर लिहिलंय की तू संस्थेचा आधारस्तंभ होतीस. खाली एकतीस जणांचे संदेश आहेत. मी सगळे वाचले. एकानं लिहिला आणि बाकीच्यांनी उचलला, तोही 'भावपूर्ण'मधल्या चुकीसकट. तू असतीस तर म्हणाली असतीस, एकच ठेवा, बाकीचे तीस काढा.

तुझ्या पर्समध्ये दोन फोन असायचे. एक तुझा. दुसरा काचेला तडा गेलेला, पाठ निघू नये म्हणून रबरबँड लावलेला, ज्याला आपण 'मुखेडचा फोन' म्हणायचो. कोणतंही पान तयार झालं की तू एसटीनं मुखेडला जायचीस, तेही मुद्दाम आठवडी बाजाराच्या दिवशी, कारण त्या दिवशी आजूबाजूच्या सगळ्या गावांचे फोन एकाच टॉवरला लोंबकळत असतात. भज्यांच्या गाड्याशेजारी उभी राहून तू ते पान त्या फोनवर उघडायचीस. उघडलं तर पास. नाही उघडलं तर परत येऊन तो फोन माझ्या टेबलावर आपटायचीस, वर भज्यांचा तेलकट पुडा. भजी गार झालेली असायची. मी ती खायचो आणि तुझ्या शिव्याही.

त्या शिव्यांतली सगळ्यात मोठी मला मुखेडनंच मिळवून दिली. शिवणकाम शिकवणाऱ्या एका संस्थेच्या प्रवेश अर्जाचं पान होतं. जड झालं होतं. तू म्हणालीस, हलकं कर. ब्राउझरमध्ये एक सोय असते: पान उघडल्यावर कोणता कोड खरोखर चालला आणि कोणता नुसता पडून आहे ते रंगानं दाखवते. पडून असलेला लाल. मी पान उघडलं, बघतो तर लालच लाल. एका दुपारीत सगळं लाल साफ करून टाकलं. पान हरणासारखं पळायला लागलं. मी ऑफिसभर बढाया मारत फिरलो.

अर्ज सुरू झाले त्या दिवशी बाजार होता आणि तू मुखेडात होतीस. नाव भरलं जात होतं, पत्ता भरला जात होता, पण 'फोटो जोडा' हे बटण मेलेलं होतं. नेट कॅफेच्या बाहेर पोरी उन्हात रांगेत उभ्या, हातात फोटोंची पाकिटं घेऊन. तुझा फोन आला.

"बसू, ते फोटोचं बटण तू दाबून बघितलं व्हतंस का?"

"न्हाई, आपा."

"मंग ते लाल दिसणारच की! लाल म्हंजे अजून वापरलं न्हाई. नको हाय असं कोण बोललं तुला?"

तुझ्यामागून रांगेतल्या एका पोरीचा आवाज येत होता, "मॅडम, आमची शेवटची गाडी जाईल." ती गाडी गेली की नाही, हे मी तुला कधी विचारलं नाही. लाज वाटली म्हणून.

परत आल्यावर तू ओरडली नाहीस, तेच जास्त लागलं. शेजारी खुर्ची ओढून बसलीस आणि म्हणालीस, "अब्बा कपडा द्यायच्या आधी एकेक हुक लावून बघायचे, काढून बघायचे. गिऱ्हाईक लावो न लावो. तू आधी पानावरची सगळी बटणं सोताच्या बोटानं दाबायची. मंगच कात्री." तेव्हापासून तो आपला नियम झाला. त्या दिवशी मी जे शिकलो ते कोणत्याही कोर्समध्ये शिकलो नाही, आणि त्यासाठी मी तुझे आभारही मानले नाहीत, कारण तू आभार मानू दिले असतेस असं वाटत नाही.

पण तुझा आणि माझा खरा तंटा वेगळाच होता, आणि तो तसाच राहिला. कंपनीची सगळी पानं ज्या साच्यावर बनतात तो साचा माझा. नवीन असताना घाईघाईत बनवलेला, 'लागलं तर असू दे' म्हणत ज्यात मी दिसेल ते कोंबत गेलो. तीन वर्षं तू म्हणत होतीस, "बसू, हा साचा एकदा उसवून बघू." आणि मी म्हणत होतो, चालतंय ना आपा, मग कशाला हात लावायचा. एकदा मला वाटलं मी तुला तुझ्याच धंद्यात पकडलं. म्हटलं, "टेलरलोक पण शिवणीत माया ठेवतात की, जादा कापड." तू हसलीस. "माया बोटभर ठेवतात रे. अख्खं थान आत शिवून देत न्हाईत."

तू गेलीस त्याच्या दोन दिवस आधी, गुरुवारी, तू पुन्हा तोच विषय काढलास. मी दुसऱ्या कामात होतो. मी तडकलो.

"आपा, आता सगळ्यांकडं भारी भारी फोन आलेत. कोणासाठी करून राहिलीस हे?"

"सगळ्यांकडं म्हंजे कोणाकडं, बसू?"

मी कानात हेडफोन घातले. गाणंबिणं काही लावलं नव्हतं, नुसते घातले. तू माझ्या खुर्चीमागं थोडा वेळ उभी होतीस; समोरच्या काळ्या पडद्यात मला तू दिसत होतीस. मग गेलीस. शनिवारी सकाळी दवाखान्याच्या वाटेवरच तुझं हृदय थांबलं. आपलं शेवटचं बोलणं हे असं आहे. दुसरं काही आठवावं म्हणून मी फार खटपट केली, पण त्याच्यानंतर काही नाहीच.

औशाच्या कब्रस्तानात मी तीन मुठी माती दिली. बायका तिकडं नव्हत्या, अम्मी घरीच होती. मला तुझीच थट्टा आठवत होती. मी लिंगायत, आमच्यातही मातीच देतात, फक्त बसवून. तू म्हणायचीस, "बसू, आम्हाला झोपवून पुरतात, तुम्हाला बसवून. म्हंजे तू तिथं पण खुर्चीत बसून तसाच घाण कोड लिहीत बसणार." कब्रस्तानात मला हसू फुटलं, आपा. तुझ्या मामूनं माझ्याकडं असं बघितलं, की मी तोंडावर रुमाल धरला, आणि त्यांना वाटलं मी रडतोय. त्यांनी मला जवळ घेतलं. ती चूकही मी दुरुस्त केली नाही.

नंतर आठ दिवसांनी अम्मीचा फोन आला. तुझा स्वतःचा फोन कुलूपबंद आहे, कुणालाच उघडत नाही. पर्समधला मुखेडचा फोन तेवढा चालतो, तो आता अम्मी वापरते. शेजारणीनं तिला सांगितलं होतं, शबानाचं पान आलंय, त्यात तिचा आवाजसुद्धा आहे.

"बसू बेटा, मेरे फोन में सफेदच दिखता. सब लोगाँ बोलरे शबाना की आवाज है उसमें. मेरेकूच कायकू नै आती?"

मी नांदेडवाल्यांना मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या, की त्यांना तिथं उचक्या लागल्या असतील. साहेबांना फोन लावला. म्हटलं, तिच्या आईला पान दिसत नाही, पाकळ्या, पणती, तो चौकोन, सगळं काढतो. साहेब म्हणाले, "पाकळ्या राहू द्या, वरच्यांना आवडल्यात. त्यांना एक स्क्रीनशॉट पाठवून द्या ना."

आवाजाचा स्क्रीनशॉट. असल्या माणसांत तू अकरा वर्षं काढलीस.

मी त्यांना न विचारता पान उघडलं, आतून. आणि पहिल्याच ओळीत माझं नाव होतं. साचा माझा. नांदेडवाल्यांनी वर फक्त पाकळ्या, पणती, आकडा आणि तो चौकोन चिकटवला होता. त्याच्याखालचं अख्खं अडगळीचं घर मी बांधलेलं होतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, तसं झालं. एक तारीख छापायला आणलेली कॅलेंडरची लायब्ररी होती. नकाशाची होती, आणि आपल्या कोणत्याच पानावर नकाशा नाही. एकच लायब्ररी दोनदा होती, एक जुनी आणि एक तिच्याहून जुनी. आणि एक तर केवळ जुने फोन ओळखायला आणलेली, जिच्या वजनानंच जुने फोन मरत होते. हे मी केलंय. माझ्या हातानं, आणि तू तीन वर्षं दाखवत होतीस. मोरीची जाळी पहिल्यांदा उचलल्यावर खाली जे निघतं ते बघून येते तशी किळस मला आली, आणि मोरी माझ्याच घरची होती.

दोन दिवस बसलो. आधी पाकळ्या काढल्या. तुझा चेहरा मोकळा झाला तेव्हा जरा बरं वाटलं. पणती काढली, चौकोन काढला, एकतीसमधले तीस संदेश काढायचा मोह आवरला. मग साचा उसवायला घेतला. नियमाप्रमाणं पानावरचं एकेक दाबत गेलो, उघडत गेलो, मग उरलेलं लाल काढत गेलो. शेवटी जे उरलं ते एवढंसं होतं, की त्यासाठी आपण तीन वर्षं भांडलो याचीच लाज वाटली. साहेबांचे चार फोन येऊन गेले. मी घेतले नाहीत.

आणि एसटीनं औशाला गेलो. निरोप पाठवला असता तरी चाललं असतं, पण तू मुखेडला जायचीस ना, म्हणून मी पण गेलो.

अम्मी दारातच होती. आत अब्बांचं मशीन अजून जाग्यावर आहे, चादर घातलेलं. वरचा पंखा खडखडत होता. उकाडा असा, की भिंतीला हात लावला तरी चटका. अम्मीनं फोन पुढं केला, रबरबँड तसंच. मी पान लावलं. एक, दोन म्हणेपर्यंत तू आलीस. चिडलेली. पाकळ्यांशिवाय.

अम्मीनं ओढणीनं फोनची काच पुसली. "कैसा घूररी देख," ती म्हणाली. मग फोटोखालच्या 'ऐका' या बटणावर तिनं बोट ठेवलं.

काही नाही.

तिनं पुन्हा दाबलं. कानाला लावलं. मग फोन मांडीवर ठेवला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "नै बोलती, बेटा."

मला त्याच क्षणी कळलं काय झालंय. मी पानावरचं सगळं दाबलं होतं. ते एक सोडून. घाईत राहिलं, विसरलो, असलं काही तुला सांगणार नाही. माझं बोट दोनदा तिथं गेलं आणि दोनदा मी ते मागं घेतलं. तुझा आवाज ऐकायची माझी छाती झाली नाही, आपा. मी दाबलं नाही, म्हणून ते लाल राहिलं. लाल राहिलं, म्हणून मी ते कापलं. मुखेडच्या रांगेनंतर इतक्या वर्षांनी, तीच चूक, तसंच बटण, आणि या वेळी रांगेत तुझी अम्मी. मला माझ्याच हातांची किळस आली.

"अम्मी, थोडा वक्त दे," म्हटलं. मशीनवरची चादर बाजूला केली, त्यावर लॅपटॉप ठेवला, आणि अब्बांच्या स्टुलावर बसून जेवढं कापलं होतं तेवढं, तेवढंच, परत टाकलं. अम्मीनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. घाई कर म्हणाली नाही. तुझ्यात घाई कुठून आली होती कोण जाणे.

झालं. पान पुन्हा उघडलं. अम्मीनं हात पुढं केला, पण मी फोन दिला नाही. नियम तुझा आहे: द्यायच्या आधी स्वतःच्या बोटानं. तुझी माफी मागायची तर ती यापेक्षा वेगळी कशी मागणार? मी दाबलं.

आधी खरखर. खुर्ची सरकल्याचा आवाज. दोन वर्षांपूर्वी नव्या मुलींना तू शिकवत होतीस, ते माझ्याच फोनवर मी घेतलेलं, आणि नांदेडवाल्यांनी मागितल्यावर तसंच पाठवलेलं. सुरुवातीचं नको ते कापायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. कापायचं राहिलं, ते एवढं एकच बरं झालं. आणि मग तू, अगदी जवळून, वैतागलेली:

"बसू, आधी तो पंखा बंद कर. काहीच ऐकू येऊन न्हाई राहिलं."

अम्मी गुडघ्यावर हात टेकून उठली, भिंतीपर्यंत गेली आणि तिनं पंखा बंद केला.